पुस्तकातली मान, माणसाची मान

कंठमण्याच्या एका बाजूला, जबड्याच्या जरा खाली दोन बोटे हलकेच टेकवली की ठोके लागतात. मनगटावरच्या नाडीपेक्षा ते जोरकस असतात. बोटाखाली असते कॅरोटिड धमनी, म्हणजे हृदयाकडून डोक्याकडे जाणारी मुख्य रक्तवाहिनी. माणूस बेशुद्ध पडला की त्याचे हृदय चालू आहे का, हे डॉक्टर इथेच चाचपतात. (ठोके पाहताना दोन्ही बाजू एकाच वेळी दाबू नयेत.) ही धमनी या जागी सापडेल या भरवशावर ते बोट ठेवतात आणि हा भरवसा सहसा खोटा ठरत नाही.

पण त्या जागेपासून थोडे वर किंवा खाली सरकले की खात्री कमी होत जाते. ही धमनी छातीत कुठून निघाली, मानेत कोणत्या उंचीवर दुभागली, तिला कोणत्या क्रमाने फांद्या फुटल्या, ती सरळ वर चढली की वळसे घेत गेली, या प्रश्नांची उत्तरे माणसागणिक बदलतात. बहुतेकांना आपल्या मानेत काही वेगळे आहे याचा आयुष्यभर पत्ता लागत नाही आणि लागण्याची गरजही पडत नाही. मात्र शस्त्रक्रियेच्या टेबलावर किंवा पक्षाघाताच्या पहिल्या काही तासांत हा वेगळेपणा फार मोलाचा ठरतो. म्हणून तो समजून घ्यायला हवा.

आधी पुस्तकातले चित्र पाहू. हृदयातून निघालेली महाधमनी छातीत वर जाते, कमान करून मागे वळते आणि खाली उतरते. या कमानीच्या माथ्यावरून तीन मोठ्या शाखा निघतात. पहिली उजवीकडची, ब्रेकिओसेफॅलिक. ती थोडे अंतर जाऊन दुभागते; एक भाग उजव्या हाताकडे जाणारी सबक्लेव्हियन धमनी होतो, दुसरा उजवी कॅरोटिड. दुसरी शाखा डावी कॅरोटिड आणि तिसरी डावी सबक्लेव्हियन. दोन्ही सबक्लेव्हियनमधून एकेक व्हर्टिब्रल धमनी निघते आणि मानेच्या मणक्यांना बाजूला असलेल्या छिद्रांतून वर मेंदूकडे जाते. कॅरोटिड कंठमण्याच्या वरच्या कडेच्या आसपास, तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या पातळीवर दुभागते. आतली कॅरोटिड मेंदूकडे जाते. बाहेरच्या कॅरोटिडच्या फांद्या थायरॉईड, जीभ, चेहरा, टाळू आणि कानशिलाला रक्त पुरवतात.

कमानीवरून तीन स्वतंत्र शाखा निघण्याची ही रचना सुमारे ८० टक्के माणसांत आढळते. म्हणजे दर पाच जणांतल्या एकाची कमान पुस्तकाशी जुळत नाही. या वेगळ्या रचनांतली सर्वांत नेहमीची म्हणजे डावी कॅरोटिड कमानीवरून स्वतंत्र न निघता पहिल्या शाखेबरोबर एकाच मुखातून निघणे किंवा त्या शाखेलाच फुटणे. ही रचना शंभरात साधारण १३-१४ जणांत दिसते. स्कॅनच्या अहवालात तिला ‘बोव्हाइन आर्च’ म्हणतात. ते वाचून रुग्ण दचकतो, पण हा आजार नाही. गायीच्या महाधमनीची रचनाही खरे तर अशी नसते. नाव चुकीचे पडले आणि रुळले. आणखी काही टक्के लोकांत डावी व्हर्टिब्रल सबक्लेव्हियनमधून न निघता थेट कमानीवरून निघते आणि कमानीला चार शाखा होतात.

पुस्तक आणि शरीर यांच्यातला हा विसंवाद जुना आहे. दुसऱ्या शतकात गेलन या ग्रीक वैद्याने मेंदूच्या तळाशी कॅरोटिडच्या बारीक वाहिन्यांचे एक ‘अद्भुत जाळे’ असते असे लिहिले. ते त्याने प्राण्यांच्या शरीरात पाहिले होते. काही प्राण्यांत ते खरोखरच असते, माणसात नसते. तरीही हजारहून अधिक वर्षे ते माणसाच्या शरीररचनेत शिकवले गेले. सोळाव्या शतकात इटलीतल्या शवविच्छेदकांनी त्यावर शंका घेतली आणि १५४३ साली आंद्रेआस वेसालियसच्या ग्रंथाने माणसात असे जाळे नसल्याचे ठामपणे मांडले. प्राण्यावरून माणसाचे चित्र काढण्याची चूक अशी सुधारली. पण एका माणसावरून सगळ्या माणसांचे चित्र काढण्याची चूक सुधारायला आणखी तीनशे वर्षे जावी लागली.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले रिचर्ड क्वेन यांनी हजाराहून अधिक मृतदेहांतल्या धमन्यांची तपासणी नोंदवून १८४४ साली मोठा ग्रंथ सिद्ध केला. जोसेफ मॅक्लिस यांनी त्यासाठी चित्रे काढली. क्वेन यांचा रोख शल्यचिकित्सकांच्या गरजेवर होता. त्या काळी धमनीला फुगवटा आला तर ती बांधून टाकणे हा उपाय असे. अ‍ॅस्टली कूपर यांनी १८०५ साली कॅरोटिड बांधण्याचा प्रयत्न केला, तो रुग्ण वाचला नाही. १८०८ साली दुसऱ्या रुग्णात त्यांना यश आले. धमनी बांधायची तर ती कुठे सापडेल आणि बांधायच्या जागेच्या किती जवळून फांदी फुटेल, हे आधी माहीत असायला हवे. त्यासाठी ‘धमनी इथे असते’ एवढे वाक्य पुरत नाही. ती शंभरातल्या किती जणांत इथे असते आणि उरलेल्यांत कुठे, हे कळावे लागते. पुढे जपानमध्ये क्योतो इथे बुन्तारो अदाची यांनी जपानी लोकांच्या धमन्यांचा असाच प्रचंड अभ्यास करून १९२८ साली तो जर्मन भाषेत प्रसिद्ध केला. अशा मोजदादीमुळे शरीररचनाशास्त्र ‘असे असते’ म्हणण्याऐवजी ‘बहुतेकांत असे असते’ म्हणायला शिकले.

इतका फरक पडतो कसा, याचे उत्तर गर्भावस्थेच्या दुसऱ्या महिन्यात आहे. चौथ्या आठवड्याच्या सुमारास भ्रूण काही मिलिमीटरचाच असतो. त्याचे हृदय तेव्हा पुढे मानेच्या जागी असते. हृदयातून निघालेले रक्त घशाला दोन्ही बाजूंनी वळसा घालणाऱ्या धमन्यांच्या कमानींतून पाठीकडच्या दोन महाधमन्यांत जाते. माशांत याच मांडणीतून कल्ल्यांना रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या तयार होतात. या कमानींच्या सहा जोड्या मोजण्याची प्रथा आहे. पाचवी जोडी माणसात एक तर बनत नाही किंवा लगेच विरते. पहिल्या दोन बऱ्याचशा नाहीशा होतात. तिसरीतून कॅरोटिड तयार होतात. डावी चौथी कमान महाधमनीच्या कमानीचा भाग बनते आणि उजवी चौथी उजव्या सबक्लेव्हियनचा सुरुवातीचा तुकडा. सहावी फुप्फुसांकडे जाणाऱ्या वाहिनीच्या वाट्याला येते.

आठव्या आठवड्यापर्यंत ही घडण बहुतांशी उरकते. कोणता तुकडा टिकणार हे जनुकांच्या सूचनांइतकेच रक्ताच्या प्रवाहावरही ठरते. रानातल्या पायवाटांचेही असेच असते. जिच्यावरून ये-जा होते ती रुंदावते, जी सुटते तिच्यावर गवत माजते. एखाद्या भ्रूणात नेहमी मिटणारा तुकडा टिकला किंवा टिकणारा मिटला, तरी रक्त दुसऱ्या वाटेने पोहोचते. बाळ निरोगी जन्मते आणि वाट मात्र वेगळी राहते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे उजव्या हाताची वाट चुकलेली धमनी. उजवी चौथी कमान मिटली, तर उजव्या सबक्लेव्हियनचा नेहमीचा आरंभच उरत नाही. मग पाठीकडच्या उजव्या महाधमनीचा एरवी विरून जाणारा खालचा तुकडा टिकून राहतो आणि त्यातून उजव्या हाताला रक्त मिळते. जन्मानंतर चित्र असे दिसते: उजव्या हाताची धमनी कमानीच्या पहिल्या शाखेतून निघण्याऐवजी कमानीची शेवटची शाखा म्हणून डाव्या बाजूने निघते आणि उजवीकडे जाण्यासाठी मध्यरेषा ओलांडते. बहुतेकांत ती अन्ननलिकेच्या मागून जाते, काहींत अन्ननलिका आणि श्वासनलिकेच्या मधून, क्वचित श्वासनलिकेच्या पुढून. शंभर-दोनशे माणसांत एखाद्यात ही रचना सापडते. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत तिचे प्रमाण जास्त असते. त्यामुळे गर्भाच्या सोनोग्राफीत ती दिसली तर डॉक्टर बाकीच्या खुणाही बारकाईने पाहतात. एकट्या या खुणेवरून मात्र निदान होत नाही.

अन्ननलिकेच्या मागून जाणारी धमनी क्वचित अन्ननलिका दाबते आणि घास अडकतो. इंग्लंडमधले शल्यचिकित्सक डेव्हिड बेफर्ड यांनी अशा एका स्त्रीची हकीकत लिहिली. वर्षानुवर्षे गिळण्याचा त्रास सोसून ती दगावली. मृत्यूनंतर शरीर उघडले तेव्हा ही वेगळ्या वाटेची धमनी सापडली. १७९४ साली ही हकीकत छापली गेली आणि त्या त्रासाला ‘डिस्फेजिया ल्युसोरिया’ हे नाव मिळाले. त्या काळात निदान मृत्यूनंतरच होऊ शकत होते. १९३६ साली जर्मनीतले बुर्कहार्ड कोमेरेल यांनी जिवंत रुग्णाला बेरियम पाजून घेतलेल्या क्ष-किरण चित्रांवरून ही धमनी ओळखली. तिच्या मुळाशी दिसणाऱ्या फुगवट्याला आजही त्यांचे नाव आहे. ही रचना असलेल्या बहुसंख्य लोकांना गिळताना काहीच त्रास होत नाही, हेही सांगायला हवे.

या धमनीचा आणखी एक परिणाम थायरॉईडच्या शस्त्रक्रियेत समोर येतो. स्वरयंत्र हलवणारी एक नस मेंदूकडून येते, पण थेट स्वरयंत्रात शिरत नाही. ती खाली छातीच्या तोंडाशी जाते, उजवीकडे सबक्लेव्हियन धमनीला आणि डावीकडे महाधमनीच्या कमानीला खालून वळसा घालते आणि श्वासनलिका व अन्ननलिकेमधल्या खाचेतून पुन्हा वर येते. गर्भात हृदय मानेतून छातीत उतरताना कमानींनी या नसेला आपल्याबरोबर खाली ओढलेले असते. आता उजवी चौथी कमानच नसेल, तर उजव्या नसेला खाली ओढणारे कोणी उरत नाही. ती मानेतच मूळ नसेपासून सुटून आडवी स्वरयंत्राकडे जाते. ही गोष्ट १८२३ साली नोंदली गेली.

शल्यचिकित्सक थायरॉईडचा उजवा भाग मोकळा करत असतो. नस खाचेत शोधतो, पण ती तिथे नसते. त्याच वेळी ग्रंथीच्या मागे एक पांढुरका, आडवा दोरा दिसतो. थायरॉईडकडे जाणारी खालची धमनीही साधारण अशीच आडवी येते. घाईत तो दोरा धमनी समजून बांधला आणि कापला, तर रुग्णाचा आवाज घोगरा होतो, कधी कायमचा. म्हणून काळजीपूर्वक काम करणारे शल्यचिकित्सक नस ओळखल्याशिवाय तिथला कोणताही आडवा दोरा कापत नाहीत. मानेच्या आधीच्या एखाद्या स्कॅनमध्ये ती वाट चुकलेली धमनी दिसलेली असेल, तर नस वेगळी असणार हे टेबलावर जाण्याआधीच कळते.

श्वासनलिकेला छिद्र पाडून नळी घालण्याच्या शस्त्रक्रियेतही असाच धोका असतो. अतिदक्षता विभागात ती नेहमी होते, कधी रुग्णाच्या खाटेवरच. काही लोकांत थायरॉईडला नेहमीच्या धमन्यांखेरीज एक जादाची धमनी असते. ती बहुधा ब्रेकिओसेफॅलिकपासून निघते आणि श्वासनलिकेच्या अगदी पुढून वर चढते. तिला ‘थायरॉइडिया इमा’ म्हणतात. शिवाय काहींत खुद्द ब्रेकिओसेफॅलिकच नेहमीपेक्षा उंच, छातीच्या हाडाच्या वर मानेत आलेली असते. दोन्ही वेळा नेमकी छेद घ्यायच्या जागी धमनी असते. म्हणून छेद घेण्याआधी गळ्याच्या खळगीत बोट ठेवून ठोके लागतात का ते पाहायचे आणि शक्य असेल तर सोनोग्राफीचा प्रोब फिरवायचा. एवढ्या दोन कृतींनी जीवघेणा रक्तस्राव टळू शकतो.

घसा तपासतानाही असा वेगळेपणा दिसू शकतो. आतली कॅरोटिड बहुतेकांत सरळ वर जाते. काहींत, विशेषतः उतारवयात, ती नागमोडी होते आणि घशाच्या मागच्या भिंतीला लागून येते. आ वासून बसलेल्या रुग्णाच्या घशात मागच्या बाजूला फुगवटा दिसतो आणि तो ठोक्याबरोबर हलतो. अशा फुगवट्याला गळू समजून सुई टोचायची नसते. टॉन्सिल काढण्यापूर्वीही घशाची मागची भिंत नीट पाहण्यामागचे हेच कारण.

कॅरोटिड दुभागते त्या जागेलाही ठरलेली उंची नाही. काहींत ती हायॉइड हाडापर्यंत किंवा त्याच्याही वर असते, क्वचित बरीच खाली. मेंदूकडे जाणारा रस्ता चरबीच्या थराने अरुंद झाला तर तो थर खरवडून काढण्याची शस्त्रक्रिया विसाव्या शतकाच्या मध्यापासून होते. दुभागणी उंच असेल तर जबडा आडवा येतो आणि जिभेला हलवणारी नस अगदी जवळ असते. काम अवघड होते. बाहेरच्या कॅरोटिडच्या फांद्यांचाही क्रम बदलतो. सुमारे पाचातल्या एका मानेत जिभेची आणि चेहऱ्याची धमनी एकाच खोडातून निघते. थायरॉईडची वरची धमनी कधी दुभागणीवरून, कधी त्याच्याही खालून निघते. आतल्या कॅरोटिडला मानेत फांदी नसते, हा विद्यार्थ्यांना घोकवला जाणारा नियमही क्वचित मोडतो.

आपल्याकडे या तपशिलांना वेगळे महत्त्व आहे. तंबाखू आणि गुटख्यामुळे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण भारतात फार आहेत आणि महाराष्ट्रातल्या मोठ्या कर्करोग रुग्णालयांत जबडा, गाल आणि जिभेच्या शस्त्रक्रिया सतत चालतात. काढलेल्या भागाच्या जागी हाताची किंवा मांडीची त्वचा, कधी पायाचे हाड रक्तवाहिनीसकट आणून बसवतात. त्या नव्या ऊतीची धमनी मानेतल्याच एखाद्या धमनीला, बहुधा चेहऱ्याच्या किंवा थायरॉईडच्या वरच्या धमनीला, सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. ती धमनी अपेक्षित जागी नसेल किंवा फारच बारीक असेल, तर दुसरी शोधावी लागते. मानेतल्या गाठी काढताना याच धमन्या जपायच्याही असतात. त्यामुळे चेहऱ्याची धमनी जिभेच्या धमनीबरोबर निघाली आहे का, हा बारीक तपशील प्रत्यक्ष कामाचा होतो.

व्हर्टिब्रल धमन्यांतही असाच फरक असतो. सुमारे ९० टक्के लोकांत त्या सहाव्या मणक्याच्या छिद्रात शिरतात. उरलेल्यांत पाचव्या, चौथ्या किंवा सातव्या. अनेकांत एक बाजू जाड आणि दुसरी बारीक असते, बहुधा डावी जाड. मानेच्या मणक्याची शस्त्रक्रिया करताना धमनी छिद्रात शिरण्याआधी कुठे मोकळी आहे, हे माहीत नसले तर ती दुखावू शकते.

मेंदूकडे जाणाऱ्या चारही धमन्या कवटीच्या तळाशी एका वर्तुळात येऊन मिळतात. १६६४ साली थॉमस विलिस यांनी त्याचे वर्णन केले. त्या ग्रंथातली चित्रे काढणाऱ्यांत पुढे लंडनचे सेंट पॉल कॅथीड्रल बांधणारे क्रिस्टोफर रेन होते. विलिस यांनी एका मृत माणसाची नोंद केली आहे. त्याची उजवी कॅरोटिड जवळजवळ पूर्ण बंद होती, तरी पक्षाघाताची लक्षणे कधी दिसली नव्हती. त्याच बाजूची व्हर्टिब्रल मात्र खूप रुंदावलेली होती. वर्तुळातून एका धमनीची उणीव दुसरीने भरून काढली होती. पण हे वर्तुळ पुस्तकातल्यासारखे पूर्ण, सगळे दुवे नीट रुंद असलेले, निम्म्याहून कमी लोकांत आढळते. म्हणूनच एकाची कॅरोटिड हळूहळू बंद होऊनही त्याला कळत नाही आणि दुसऱ्याला त्याच अडथळ्याने अर्धांगवायू होतो.

पक्षाघात झाल्यावर मेंदूतली रक्ताची गुठळी नळी घालून काढायची असेल, तर एकेक मिनिट मोलाचे असते. नळी बहुधा मांडीतून कमानीपर्यंत आणि तिथून डाव्या किंवा उजव्या कॅरोटिडमध्ये नेतात. डावी कॅरोटिड पहिल्या शाखेबरोबर निघालेली असेल, तर मांडीतून तिच्यात वळणे कठीण जाते. अशा वेळी उजव्या मनगटातून जाणे सोपे पडू शकते. आधीच्या सीटी अँजिओग्राफीत कमान पाहून ठेवली असेल तर हा निर्णय वाटेत अडखळण्याआधीच घेता येतो.

जिवंत माणसाच्या मेंदूकडच्या धमन्या पाहण्याची वाट १९२७ साली लिस्बनमध्ये एगास मोनिझ यांनी उघडली. त्यांनी कॅरोटिडमध्ये रंगद्रव्य सोडून क्ष-किरण चित्रे घेतली. आज डॉप्लर, सीटी आणि एमआरआयमुळे अशी चित्रे रोज निघतात आणि दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीच्या अहवालात ‘नॉर्मल व्हेरिएंट’ ही ओळ येते. ती वाचून घाबरू नये आणि विसरूही नये. तिचा आपल्या तक्रारीशी संबंध आहे का, हे डॉक्टरांना विचारावे. नसला, तरी अहवाल जपून ठेवावा आणि पुढे थायरॉईड, घसा, मणका किंवा हृदयाची शस्त्रक्रिया ठरली तर तो शल्यचिकित्सकांच्या हाती द्यावा.

डॉक्टरांच्या बाजूने पाहिले, तर या सगळ्याचे शिक्षण शवविच्छेदन कक्षात सुरू होते. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी पुस्तक शेजारी उघडून मान सोलतो आणि एखाद्या टेबलावर धमनी पुस्तकाप्रमाणे निघत नाही. आधी त्याला वाटते आपलेच काही चुकले. शिक्षक सांगतात, चुकलेले नाही, हे नोंदवा. शेजारच्या टेबलावरची मान पाहिली की त्याला दोन उत्तरे दिसतात, आणखी चार टेबले पाहिली की आणखी. ही शिकवण एका चित्रातून किंवा एका प्लास्टिकच्या नमुन्यातून मिळत नाही. त्यासाठी वेगवेगळ्या माणसांची शरीरे लागतात. महाराष्ट्रात १९४९ च्या शरीररचनाशास्त्र कायद्याने बेवारस मृतदेह वैद्यकीय महाविद्यालयांना मिळण्याची सोय झाली, पण आज महाविद्यालयांचा मोठा आधार स्वेच्छेने देहदान करणारी माणसे आणि त्यांचा शब्द पाळणारी कुटुंबे हा आहे. देहदानाचा अर्ज भरणाऱ्याला अनेकदा वाटते की आपल्या म्हाताऱ्या, साध्या शरीरात शिकण्यासारखे काय असणार. त्याच्या मानेतली एखादी धमनी पुस्तकाहून वेगळी निघण्याची शक्यता चांगलीच मोठी आहे. ती पाहिलेला विद्यार्थी उद्या थायरॉईडच्या मागचा तो आडवा दोरा कापण्याआधी थांबेल.